खिडकीतला पहारा

पुण्याहून परत आलो त्या दुपारी पडेगावात फाटकाशी रिक्षातून उतरताना मी सवयीने वर पाहिलं, तर माझ्या घराच्या वरच्या खिडकीत मी बसलेलो होतो. खुर्ची रस्त्याकडे तोंड करून. अंगात माझा जुना बर्फातला कोट, डोक्यावर कानापर्यंत ओढलेली लोकरीची टोपी, मान जराशी डावीकडे कललेली. मान तशीच असते माझी, एका घसरणीनंतर ती सरळ झालीच नाही. आणि माझा उजवा हात आपसूक कपाळाकडे गेला. सगळी उमर लष्करात काढलेल्या माणसाचा हात त्याला विचारून वर जात नाही. समोरचा वरिष्ठ आहे असं दिसलं की जातो. हात अर्ध्यावर असताना मला प्रश्न पडला की आमच्या दोघांत वरिष्ठ कोण, आणि मी तो खाली घेतला. रिक्षावाला माझ्याकडे बघत होता. शेजारच्या आशाबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. शाळेत मुख्याध्यापिका होत्या त्या, अजूनही प्रत्येकाच्या हजेरीवर त्यांचं लक्ष असतं. म्हणाल्या, "अहो सर, आत्ता तर वर बसला होतात की. बाहेर कधी गेलात?" मी म्हटलं, मी आठवडाभर पुण्याला होतो, मुलीकडे, तनुजाकडे. त्या हसल्या. "काहीतरीच तुमचं. रोज संध्याकाळी हात करते मी तुम्हाला. तुम्ही करत नाही परत, पण ते तुमचं पहिल्यापासून तसंच आहे."

तुमचं पहिल्यापासून तसंच आहे. हे वाक्य घेऊन मी जिना चढलो. एखाद्याने कानात बर्फाचा खडा टाकावा आणि तो वितळेपर्यंत आपण काही करू शकू नये, तसं ते आत उतरत राहिलं. आठवडाभर मी नव्हतो आणि कुणाचंच काही अडलं नाही, हे एक वेळ समजू शकतं. पण आठवडाभर मी होतो, आणि माझ्या असण्यात कुणाला काही कमी वाटलं नाही, याचं काय करायचं?

घरकामाला येणाऱ्या केसरबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन त्या उन्हाळ्यावर ढकलतायत, त्यामुळे त्या माणसाला आवाजावरून आणि उंचीवरून ओळखतात. "आले का सायब? तनुजाताईंचा फोन आल्ता. कालनीत दोन घरं फुटली म्हनं, सायबाचा कोट खुर्चीत बसवा म्हनल्या. म्या लोड भरून बसवला. लई झाक दिसतो." वर जाऊन मी पाहिलं. खुर्चीशेजारच्या तिपाईवर कप होता. रिकामा, तळाशी चहापत्तीचे दोन-चार कण. मी विचारलं, हा कुणाचा? केसरबाई पदराने हात पुसत म्हणाल्या, "त्याचाच की. रोज संध्याकाळी जाताना ठुती म्या. नुस्तं रिकामं कसं बसवायचं मानसाला? आन सकाळी येऊन बघावं तर कप रिकामा. मांजर येत आसंल, दुसरं काय." खिडकीला जाळी आहे आणि घरात मांजर नाही. मी त्यांना तसं बोललो नाही. काढून टाका ते, एवढंच म्हटलं. "राहू द्या की आजच्या दिस," त्या म्हणाल्या, आणि मला आश्चर्य वाटलं ते याचं, की मी राहू दिलं.

लोकांना वाटेल, एका कोटाला बुजण्यासारखं काय आहे. पण मी ज्या एका गोष्टीसाठी ओळखला जातो, ती गोष्ट म्हणजे एक रिकामा कोटच आहे. लष्करात 'हिवाळी उपस्थिती' नावाचं एक धोरण आहे, ते माझं. दिल्लीच्या मुख्यालयात कर्नल होतो तेव्हा मी ते लिहिलं, पुढे जनरल झाल्यावर लागू करून घेतलं. डोंगरावरच्या अतिउंच चौक्यांवर शत्रूपेक्षा थंडीनेच जास्त माणसं मरतात. म्हणून हिवाळ्यात जी चौकी माणसांनी राखता येत नाही, ती उपस्थितीने राखावी. माणसं खाली आणावीत आणि वर बाहुले बसवावेत, कोट-टोपी घातलेले. संध्याकाळी आपोआप लागणारा दिवा, अधूनमधून धूर, आणि हवा उघडली की एखादी तुकडी वर जाऊन त्यांच्या जागा बदलून येणार. समोरच्या डोंगरावरून दुर्बिणीतून बघणाऱ्याला माणसं दिसली पाहिजेत, बस. जुन्या अधिकाऱ्यांनी माझी पार सालटी काढली. कुणी भ्याड म्हणालं, कुणी म्हणालं की मराठवाड्यातल्या शेतातलं बुजगावणं उचलून हिमालयात लावायला निघालाय. दुसरं बोलणारा थट्टा करत होता, पण तो बरोबर होता.

ते शेत कन्नडच्या अलीकडचं. आमचं नाही, कडुबाच्या घरचं. माझा बाप सांडू तिथे सालदार होता. मी शाळेत जायच्या आधीच तो तापाने गेला, आणि ज्वारी हुरड्यात आल्यावर राखणीचं काम आईकडे आलं. दगडाबाई नाव तिचं, आणि मन मात्र असं की कुणाला हाकलायचं म्हटलं तर पाखरावरही तिचा हात उगारायचा नाही. तिने दोन काठ्यांना बापाचा सदरा घातला, वर त्याचंच मुंडासं बांधलं, आणि रोज दुपारी भाकरीचा चतकोर माझ्या हातात देऊन म्हणायची, "जा, राखनदाराला दिऊन ये." आम्ही बौद्ध झालेली माणसं, घरात बाबासाहेबांचा फोटो. श्राद्ध करणार नाही, पिंड पाडणार नाही, अशी प्रतिज्ञा घेतलेली. वस्तीतल्या कुणीतरी टोकलं तर ती शांतपणे म्हणाली, "ह्ये श्राद्ध नाय. राखन करतो त्याला जेवाया घालावं लागतं." मी भाकरी त्याच्या पायाशी ठेवायचो आणि मागे न बघता पळत यायचो. भाकरी दुसऱ्या दिवशी नसायची. पाखरं मात्र त्या शेतात उतरत नसत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुढे मिलिंद कॉलेजातून पदवी, मग कमिशन, आणि योगायोग असा की हिमालयातल्या आमच्या सगळ्यात उंच चौकीवर माझ्या हाताखाली सहायक म्हणून आला तो कडुबा, त्याच शेताच्या मालकाचा मुलगा. गावात असतो तर मी त्याच्या ओसरीच्या खाली उभा राहिलो असतो. वर तो माझ्यासाठी बर्फ वितळवून चहा करायचा, आणि कुणी जवळ नसलं की गावच्या बोलीत बोलायचा. एकदा स्टोव्हला हात शेकत म्हणाला, "तुमच्या बापाला म्या लई भ्यायचो, सायब. म्हंजी त्या बुजगावन्याला. दगडं मारायचो, पन लांबून." मग चहाचं भांडं खाली उतरवून, "म्या हितं गार पडलो तर मला बी तसंच उभं करा. तेवडीच आपली भरपाई." मी त्याला झापलं. त्याच हिवाळ्यात मोठं वादळ आलं आणि त्यात तो खरोखरच गेला. बर्फाखालून आम्ही त्याला ओढून काढलं तेव्हा कोट भिजून फळीसारखा झाला होता. तो उतरवून आम्ही शेकोटीजवळ टाकला, माझाही तिथेच सुकत होता, आणि त्याला आम्ही कांबळ्यात गुंडाळून उतारावर पुरलं. खाली न्यायला माणसं पुरेशी नव्हती. उन्हाळ्यात वर गेलो तर तो उतारच राहिला नव्हता. वाचलेल्यांना घेऊन चौकी सोडताना मी सामान वाहायच्या दोन काठ्या बांधल्या, आणि हातांना बधिरपणा आलेला, अंधारून आलेलं, अशा घाईत त्यांना कडुबाचा कोट घातला. दुसरा अंगात घालून खाली आलो. वसंतापर्यंत समोरचे लोक जागचे हलले नाहीत. त्यांच्या मते चौकीवर माणूस होता.

सुट्टीत मी कडुबाच्या आईला भेटायला गेलो. चंपाबाई. पहिल्यांदाच मला त्यांनी ओसरीवर, सतरंजीवर बसवलं. काय झालं ते विचारलंच नाही. एवढंच म्हणाल्या, "त्याचं येखांदं कापड तरी आनायचं, गोकुळ." मी म्हटलं, "काकू, त्याचा कोट वर उभा आहे. राखण करतोय." त्यांनी मान हलवली. त्या तेवढ्यावर जगल्या आणि तेवढ्यावर गेल्या, असं गावातले लोक मला सांगत. पुढच्या सगळ्या वर्षांत, धोरण लिहिताना, पदक घेताना, कुणी त्या कागदातल्या शब्दांचं कौतुक करताना, माझ्या डोळ्यांसमोर तो एक उभा असायचा. इतरांना धोरण, मला कडुबा. माझी बायको सुलेखा हसून म्हणायची, "तुमचा हा कागद मी आधीच जगलेय. तनुजा दंगा करायला लागली की खुंटीवरच्या तुमच्या टोपीकडे बोट दाखवून सांगायचे, बाबा घरात आहेत. ती गप्प बसायची." तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता ते वाक्य मला विनोद वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेजर अतुल आले. इथल्याच छावणीतले, पोरसवदा चेहऱ्याचे, पण गेले दोन उन्हाळे त्याच चौक्यांवर काढून आलेले. दिल्लीत समिती बसली होती आणि तिने त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. कॅमेरे आले, यंत्रं आली. आता त्या चौक्यांवर उन्हाळ्यातही माणसं पाठवायची गरज नाही, त्या कायमच्या रिकाम्या कराव्यात असा प्रस्ताव होता. जुन्या मंडळींचा विरोध होता. ज्याने 'उपस्थिती' लिहिली त्यानेच हो म्हटलं तर वाद मिटणार होता. "संध्याकाळी फोन करतो, सर. तुमचा होकार आला तर येत्या उन्हाळ्यात वर एकही पोरगं जाणार नाही," अतुल म्हणाले. "आणि बाहुले?" मी विचारलं. "ते खाली आणणार, सर. म्हणजे... नष्ट करणार."

हो म्हणायला एक क्षण लागायला नको होता. हेच तर मी आयुष्यभर मागत आलो. पण जीभ उचलेना. चंपाबाईंना दिलेला शब्द त्या दोन काठ्यांवर उभा होता. कडुबाचं या पृथ्वीवर दुसरं काहीच नाही, ना हाड ना राख. मी खिडकीबाहेर पाहिलं. तिथून दौलताबादचा किल्ला दिसतो. शाळेच्या सहलीत गाईड आम्हाला तिथल्या अंधारी नावाच्या भुयारातून नेताना म्हणाला होता, शत्रू चाचपडत यायचा, उजेड दिसला की तिकडे धावायचा, आणि तो उजेड खंदकावर उघडायचा. मला तेव्हापासून उजेडाची जरा धास्तीच आहे.

मी अतुलना विचारलं, पोरं कशी वागतात त्या बाहुल्यांशी? ते अवघडले. मग म्हणाले, "हे समितीला सांगितलं नाहीये, सर. पोरं त्यांना बाहुले म्हणत नाहीत. वर ज्याचा जीव गेला त्याच्या नावाने एकेक वाढवतात. उन्हाळ्यात तुकडी वर पोचली की पहिल्या सकाळी हजेरीत त्यांचीही नावं घेतात. त्यांच्या जागेवर कुणी बसत नाही. आणि शेवटचा जवान उतरताना त्यांच्यासमोर उभा राहून म्हणतो, पोस्ट आपके हवाले." हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. मला आईची भाकरी आठवली. "आणि सगळ्यात जुना?" मी विचारलं. अतुलचा चेहरा उजळला. "ते अजून आहेत, सर. कापड किती वेळा बदललं असेल कोण जाणे, पण कॉलर तीच ठेवतात, दरवेळी नव्या कोटाला शिवतात. मी स्वतः शिवलीय गेल्या साली. सगळे त्यांना रोज सकाळी सलाम करतात. ते वरिष्ठ आहेत ना."

"कडुबा वरिष्ठ कसा? शिपाई होता तो," मी म्हटलं.

"कडुबा कोण, सर?" अतुल म्हणाले. "कॉलरच्या आत धोब्याची शाई आहे. जी. एस. एच. पोरं त्यांना गोकुळ साहेब म्हणतात. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. आम्हाला तर असंच सांगितलं गेलं की साहेब खाली आलेच नाहीत."

हे ते हसून म्हणाले, दंतकथा सांगतात तसे. चहा पिऊन ते गेले. मी दारापर्यंत सोडायला गेलो की नाही, ते मला आठवत नाही.

मग मी खुर्चीपाशी गेलो. तो पाठमोरा असतानाच कॉलर उलटी केली, कारण समोरून जायची हिंमत झाली नाही. हा कोट माझ्याबरोबर ट्रंकेतून सगळ्या छावण्या फिरला होता. एकदाही मी तो परत अंगात घातला नव्हता, की धुवायला टाकला नव्हता. फरच्या खाली, शिवणीशी, काळ्या शाईत आकडे होते. शिपायाच्या नंबराचे शेवटचे आकडे आणि पुढे एक क, जरा वाकडा. कडुबा सगळ्या वस्तूंवर तसाच क काढायचा, डब्यावर, चमच्यावरसुद्धा. शेकोटीजवळ दोन कोट सुकत होते आणि मी बधिर हातांनी एक त्याला घातला, एक मला. सतरंजीवर बसून मी चंपाबाईंना सांगितलं की त्याचा कोट वर उभा आहे, तेव्हा तो कोट माझ्या ट्रंकेत होता, एसटी स्टँडवरच्या सामान ठेवायच्या खोलीत, घडी घालून. मला रडू आलं. सुलेखा गेली तेव्हा आलं नव्हतं तसं, आवाज करून आलं.

पण खरी भीती नंतर, ऊन उतरायला लागल्यावर बसली. कडुबा इतकी वर्षं ट्रंकेत होता, ठीक. मग वर कोण होतं? चाळीसेक हिवाळे वर मी उभा आहे. मला सलाम मिळतो, माझं नाव हजेरीत येतं, माझ्या हवाली चौकी केली जाते आणि मी ती राखतो. आशाबाईंचं वाक्य आता नीट ऐकू यायला लागलं. हात करते, तुम्ही करत नाही परत. सुलेखाही कधीकधी जेवता जेवता मध्येच थांबून म्हणायची, "अहो, या ना खाली." आम्ही तळमजल्यावरच जेवायला बसलेलो असायचो. मला वाटायचं, बोलण्याची तऱ्हा आहे तिची. मी दिल्लीत कागद लिहिले, मुलीचं लग्न केलं, बायकोला खांदा दिला. या सगळ्या ठिकाणी लोकांनी ज्याला पाहिलं तो कडुबाच्या कोटातून खाली आलेला होता, आणि त्याच्या आत काय भरलेलं होतं, हे मला सांगता येईना. पाय गार पडले होते, जानेवारीत इथे पडतात त्याहून जास्त गार.

अतुलचा फोन आला तेव्हा खोलीत संध्याकाळ शिरली होती. मी म्हटलं, "होकार आहे. सगळ्यांना खाली आणा. वर कुणी जायचं नाही, पुन्हा कधीच." माझा आवाज स्वच्छ होता. तो ऐकून मलाच बरं वाटलं. "पण एक नियम पाळा. पहारेकरी बदली आल्याशिवाय जागा सोडत नसतो. एकेकाला नावाने सांगा, बदली आली आहे, सुट्टी. मगच हात लावा. आणि ती कॉलर जाळू नका, इकडे पाठवा." अतुल "जी सर" म्हणाले, आणि ते वरच्या तुकडीतल्या पोराच्या आवाजात म्हणाले.

आता इकडचं राहिलं होतं. मी कडुबाच्या समोर जाऊन उभा राहिलो, सकाळी जमलं नव्हतं ते. सावधान झालो. म्हटलं, "कडुबा, बदली आलीय. पोस्ट माझ्या हवाली कर." टोपी काढून घेतली. लोडासकट तो कोट उचलला, वाटला त्यापेक्षा जड होता, आणि माझ्या पलंगावर निजवला. वरून माझी गोधडी घातली, पार डोक्यावरून. इतक्या वर्षांनी माणूस निजला, त्याला उजेड लागू नये. मग टोपी माझ्या डोक्यावर ओढून मी खुर्चीत बसलो. बदलीवर आलेल्याने बसायचंच असतं, त्यात विशेष काही नाही. थोडा वेळ, असं मी ठरवलं होतं. समोर किल्ला काळा होत गेला. आशाबाई कुंड्यांपाशी आल्या, त्यांनी वर पाहून हात केला. आज परत करायचा, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. हात मांडीवर होता. मी त्याला उचल म्हटलं. त्या तोवर वळून आत गेल्या होत्या.

मागे केसरबाईंची पावलं वाजली. त्यांनी दिवा लावला नाही, त्यांना तसाही उजेडाचा फारसा उपयोग होत नाही. पलंगाशी थांबल्या, गोधडी पायाकडून नीट खोचली. मग फोन वाजला त्यांचा. "व्हय ताई, हायेत की घरी. झोपलेत. डोक्यावरून पांघरून घेतलंय, लई गाढ लागलीय. परवासानं दमलेत आसं वाटतंय. नाय नाय, उठवत नाय. व्हय, खिडकीतलं बी बसवलेलंच हाय, काळजी नगा करू." बोलत बोलत त्या माझ्याकडे आल्या. माझी टोपी एका बाजूला सरकली होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी सरळ केली, एखादं भांडं फळीवर लावताना करतात तशी. बोटं माझ्या कानाला लागली. तो त्यांना गरम लागला असेल की नाही, माहीत नाही. मी बोलू शकलो असतो. केसरबाई, मी इकडे आहे, एवढं म्हणायला काही लागत नाही, शब्द तोंडात आलेही होते. पण पहाऱ्यावर असताना बोलत नसतात, आणि पलंगावर कडुबाची झोप मोडली असती.

तिपाईवर कप ठेवल्याचा आवाज आला. खाली दाराला कडी लागली, फाटक वाजलं, त्यांच्या चपला रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू आल्या. त्यानंतर मी कप उचलला आणि सगळा चहा पिऊन टाकला.